हिरवे आणि ओले

चंद्र हिरव्या चीजचा बनलेला आहे, असे वाक्य मी एकदा एका भाषांतरात लिहून बसलो. मूळ लेख गमतीचा होता. भोळसट माणसाच्या गळी काय वाटेल ते उतरवता येते, हे सांगण्यासाठी लेखकाने ती जुनी इंग्रजी म्हण वापरली होती. म्हण खरोखरीच जुनी आहे. जॉन हेवुडने १५४६ साली छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ती सापडते. मला वाटले, चंद्राला हिरवे म्हणण्यातच सारी गंमत असावी. चंद्र पांढरा, चीज पिवळसर, आणि म्हणीत मात्र दोन्ही हिरवी! इंग्रजांच्या विनोदाला असे विसंगतीचे वेड असतेच, अशी स्वतःची समजूत घालून मी पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. लेख छापून आला. कोणी काही म्हणाले नाही.

पुष्कळ दिवसांनी, दुसराच शब्द शोधण्यासाठी मोठा कोश उघडला असता कळले की त्या म्हणीतले ‘ग्रीन’ हे रंगाचे नाव नव्हेच. ‘ग्रीन चीज’ म्हणजे नुकतेच दाबून काढलेले, अजून न मुरलेले, अंगात पाणी असलेले ताजे चीज. ते पांढरे असते आणि त्याची चकती गोल असते, म्हणून तर चंद्राची आठवण. ज्या शब्दात मी विसंगती पाहिली तोच शब्द त्या म्हणीत सर्वांत सुसंगत होता. आणि मराठीत त्याला नेमका शब्दही होता. पण तो रंगांच्या पेटीत नव्हता, स्वयंपाकघरात होता. आपण नारळाला, काजूला, हळदीला जो लावतो तो. ‘ओले’.

ही चूक मनाला लागून राहिली. इंग्रजी शिकवण्यात ज्याची वर्षे गेली त्याने एवढ्या सोप्या शब्दावर ठेच खावी, याची लाज तर वाटलीच. पण त्याहून अधिक अस्वस्थता निराळ्याच गोष्टीची होती. अवघड शब्द आला की आपण कोश काढतो. सोपा शब्द आला की काढत नाही. मग इतक्या वर्षांत मी वाचलेल्या इंग्रजी कवितेतली किती हिरवी पाने मुळात हिरवी नव्हतीच? या प्रश्नाने मी जुनी पुस्तके पुन्हा काढली. त्या वाचनाची ही हकीकत आहे.

प्रथम शब्दाच्या कुळाविषयी. व्युत्पत्तीवरून अर्थ काढणे धोक्याचे असते हे मी जाणतो. आजोबांच्या पेशावरून नातवाचा स्वभाव सांगण्यासारखेच ते आहे. तरीही कधी कधी नाक मिळते. इंग्रजी ‘ग्रीन’ हा शब्द ‘ग्रो’ आणि ‘ग्रास’ यांचा सख्खा भाऊ आहे. म्हणजे त्याच्या मुळाशी रंग नाही, क्रिया आहे : वाढणे, अंकुरणे. आपला ‘हिरवा’ हरि-हरित या कुळातला. आणि संस्कृतातल्या या ‘हरि’चे नाते हिरण्याशी, हरिद्रेशी म्हणजे आपल्या हळदीशी, आणि पार पलीकडे इंग्रजीतल्या ‘यलो’ व ‘गोल्ड’ या शब्दांशी लागते. सूर्याच्या घोड्यांनाही वेदांत हरित म्हटले आहे आणि तेथे गवताचा संबंध नाही. तेथे झळाळी आहे. इंग्रजांनी झाडाकडे पाहिले आणि ते वाढते आहे असे म्हटले. आपल्या पूर्वजांनी पाहिले आणि ते चमकते आहे असे म्हटले. आपले हिरवे हे डोळ्यांना दिसणारे हिरवे आहे. बालकवींच्या फुलराणीभोवतीची हिरवळ घ्या. ती पाहण्याची, डोळे निववण्याची हिरवळ आहे. इंग्रजांचे ‘ग्रीन’ पुष्कळदा दिसण्याचे नसतेच; ते अवस्थेचे असते.

ती अवस्था कोणती हे तिच्या विरुद्ध शब्दांवरून चांगले कळते. ‘ग्रीन’ लाकूड म्हणजे न सुकवलेले. त्याच्या उलट वाळलेले. ‘ग्रीन’ वीट म्हणजे साच्यातून काढलेली पण भट्टीत न गेलेली. ती मातीच्याच रंगाची असते. ‘ग्रीन’ बेकन म्हणजे मीठ लावलेले पण धुरी न दिलेले डुकराचे मांस. ‘ग्रीन’ फळ म्हणजे न पिकलेले, ‘ग्रीन’ नोकर म्हणजे नवखा. या साऱ्यांसाठी मराठीत एक शब्द नाही, तीन जोड्या आहेत : ओले आणि सुके, कच्चे आणि पक्के, कोवळे आणि निबर. ओले म्हटले की आपल्याला रस दिसतो, कच्चे म्हटले की अपुरेपणा दिसतो, कोवळे म्हटले की माया येते. इंग्रजी माणूस हे तिन्ही एका शब्दात बोलून मोकळा होतो, आणि त्याची माया आहे की तुच्छता हे ऐकणाऱ्याने ताडायचे असते. आपली भाषा येथे अधिक सूक्ष्म आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण कवीला हवी असते ती सूक्ष्मता नेहमीच नव्हे; त्याला अनेकदा असाच ढोबळ, पोटात तीन गोष्टी वागवणारा शब्द हवा असतो.

ओल आणि हिरवेपणा यांची ही गाठ इंग्रजांनीच मारली असेही नाही. ग्रीकांचा ‘ख्लोरोस’ हा शब्द पाहावा. होमरमध्ये हा शब्द मधाला लागतो, भीतीला लागतो, आणि सायक्लॉप्सच्या गुहेतल्या ऑलिव्हच्या नुकत्या तोडलेल्या सोट्यालाही लागतो. ग्लॅडस्टनसारखा मुत्सद्दी १८५८ साली होमरवर तीन जाडजूड खंड लिहून गेला आणि त्यात त्याने होमरची रंगांची जाण फार तोकडी होती असा निष्कर्ष काढला. मध आणि भीती एकाच रंगाची कशी, हा त्याचा प्रश्न रास्त होता. परंतु तो रंग शोधीत होता, आणि शब्द रसाविषयी बोलत होता असे मला वाटते. उलट दिशेने बायबल पाहावे. १६११ च्या इंग्रजी बायबलात सॅमसनला ज्या ‘ग्रीन’ दोऱ्यांनी बांधतात, त्यांच्यासाठी मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘ओल्या’ असा आहे. आणि ल्यूकच्या शुभवर्तमानात क्रूसाकडे जाताना ख्रिस्त ज्या ‘ग्रीन’ झाडाचा दाखला देतो, तेथे मूळ ग्रीकात शब्दशः ‘ओले’ लाकूड आहे. राजाच्या विद्वान भाषांतरकारांना ओल्यासाठी ‘ग्रीन’ लिहिताना क्षणभरही थांबावे लागले नसेल. मग त्यांच्या ‘ग्रीन’साठी ‘ओले’ लिहिताना आपण का थांबावे?

शेक्स्पिअरकडे यावे. हॅम्लेटचा काका राजसभेत पहिले भाषण करतो तेव्हा म्हणतो की भावाच्या मृत्यूची आठवण अजून ‘ग्रीन’ आहे. ‘आठवण हिरवी आहे’ असे मराठीत म्हटले तर ते बरेच सुखद वाटते, जणू आठवणीला पालवी फुटली आहे. मी वर्गात वर्षानुवर्षे तसेच सांगत आलो : स्मृती हिरवीगार आहे, टवटवीत आहे. आता वाटते की हे चूक होते. आठवण ओली आहे, जखमेसारखी. बेकनने सुडावरच्या निबंधात सूड घेऊ पाहणारा माणूस आपल्याच जखमा ‘ग्रीन’ ठेवतो असे म्हटले आहे. तेथेही तीच ओल. (‘हिरवी जखम’ म्हटले तर मराठी वाचक आधी डॉक्टरला बोलावील आणि मग निबंध वाचील.) आणि मौज अशी की ही ओली आठवण सांगणारा क्लॉडिअस हाच खुनी आहे, भावजयीशी त्याचे लग्न होऊन गेले आहे. ज्याच्या घरात शोक केव्हाच सुकवून टाकला आहे त्याच्याच तोंडी हा ओला शब्द आहे. ‘हिरवी’ म्हटल्याने हे ढोंग निसटते. ‘ओली’ म्हटले की ते हाताला लागते.

त्याच नाटकात पोलोनिअस ऑफिलियाला ‘ग्रीन’ मुलगी म्हणतो. हॅम्लेटच्या प्रेमाच्या शपथांवर ती विसंबते म्हणून. येथे ‘ओली’ चालणार नाही, आणि ‘कोवळी’ही नाही, कारण बापाच्या मनात या क्षणी माया नाही, हिशेब आहे. येथे ‘कच्ची’. क्लिओपात्रा मात्र आपल्या सीझरवरच्या जुन्या प्रेमाविषयी बोलताना तोच शब्द स्वतःच्या अकलेला लावते, आणि ती स्वतःविषयीच बोलत असल्यामुळे तुच्छता आणि कौतुक दोन्ही त्यात आहेत. चाळिशीकडे झुकलेली बाई आपल्या विशीकडे बघून हसते तसे. तिथे मी अजून अडलेलोच आहे. ज्युलिएट लग्नाला नाही म्हणते तेव्हा बाप संतापून तिला ‘ग्रीन सिकनेस’ची शिवी देतो. तरुण मुलींना होणाऱ्या रक्तक्षयाचे ते जुने नाव. येथे रंग थोडा आहे, पण अधिक आहे ते वय.

एक मोठा वाद याच शब्दाभोवती झाला आहे आणि तो मला फार प्रिय आहे. ‘पाचवा हेन्री’मध्ये फॉल्स्टाफ पडद्यामागे मरतो. त्याची खाणावळवाली त्याच्या अखेरच्या घटकांचे वर्णन करते : पाय गार पडत चालले, नाक लेखणीसारखे टोकदार झाले, आणि मग एक वाक्य येते ज्याला १६२३ च्या फोलिओत काही अर्थच नाही. तेथे नाकाच्या पाठोपाठ हिरव्या शेतांचे ‘टेबल’ छापले आहे. पोपने १७२५ च्या आपल्या आवृत्तीत तर्क केला की ही रंगभूमीवरची सूचना चुकून संवादात शिरली असावी. ग्रीनफील्ड नावाचा कोणी सामानवाला असेल, त्याचे टेबल आणा, असे कोणी समासात लिहिले असेल. हा तर्क पोपने कितपत गंभीरपणे केला होता हे त्याचे त्यालाच ठाऊक. मग लुइस थिओबाल्डने दोनतीन अक्षरे इकडची तिकडे केली आणि ‘टेबल’चे ‘बडबडला’ केले. मरता मरता तो म्हातारा हिरव्या शेतांविषयी बडबडत होता! १७३३ च्या आवृत्तीत हा पाठ आला आणि तेव्हापासून बहुतेकांना तोच शेक्स्पिअर वाटत आला आहे. पोपने आपल्या चुका दाखवल्याबद्दल थिओबाल्डला १७२८ च्या ‘डन्सियड’मध्ये मूर्खांचा राजा केले होते. मूर्खांच्या राजाने इंग्रजी रंगभूमीवरचा एक अत्यंत हृद्य मृत्यू सावरून दिला, हा न्याय पोपच्या कल्पनेत बसणारा नव्हता.

मला येथे आणखी एक गोष्ट दिसते. ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात हाच फॉल्स्टाफ दरोड्याची थाप ठोकताना सांगतो की केंडल गावच्या हिरव्या कापडाचे कपडे घातलेल्या तिघांनी आपल्यावर मागून हल्ला केला, आणि अंधार तर असा की स्वतःचा हात दिसेना. राजपुत्र तेथेच त्याला धरतो : हात दिसेना तर कापडाचा रंग कसा दिसला? जो माणूस हिरव्या रंगावरून खोटा ठरला, त्याच्या तोंडी अखेर हिरवीच शेते यावीत. आणि ती मात्र खरी असावीत. ही जोडणी शेक्स्पिअरने केली असे मी म्हणत नाही. थिओबाल्डच्या अक्षरांनी ती होऊ दिली एवढेच. आणि येथे ‘ओली शेते’ म्हणून मुळीच चालायचे नाही. येथे हिरवेच हवे. माझ्या उपपत्तीला हा पहिला तडा.

दुसरा तडा मॅक्बेथने पाडला. खून करून आल्यावर आपले रक्ताळलेले हात पाहून तो म्हणतो की सारा समुद्र या हातांना धुऊ शकणार नाही, उलट हे हातच समुद्राच्या हिरव्याला लाल करून सोडतील. फोलिओत येथे एक स्वल्पविराम असा पडला आहे की ‘तो हिरवा समुद्र लाल होईल’ असा अर्थ लागतो. आजचे संपादक तो स्वल्पविराम काढतात. मग ‘ते हिरवे अवघे एकच लाल होईल’ असा अर्थ निघतो. स्वल्पविराम काढणारांच्याच बाजूने मी आहे, कारण पहिल्या वाचनात फक्त रंग बदलतो, दुसऱ्यात विश्वातले सारे भेद बुडतात. शिवरामपंत परांजप्यांच्या ‘मानाजीरावा’पासून शिरवाडकरांच्या ‘राजमुकुटा’पर्यंत मॅक्बेथ मराठीत नांदला आहे, पण या एका स्वल्पविरामाचा प्रश्न मराठीत उद्भवतच नाही, कारण आपल्या विशेषणाला लिंगवचनाचे शेपूट असते आणि ते लगेच फितुरी करते. असो. मुद्दा असा की येथे रंगच खरा आहे. हिरव्यासमोर लाल उभे आहे. त्याला ओले किंवा कोवळे म्हणणे हा वेडेपणा होईल.

आणि ऑथेल्लोतला तो प्रसिद्ध मत्सर? इयागो त्याला हिरव्या डोळ्यांचा प्राणी म्हणतो, आणि ‘व्हेनिसचा व्यापारी’त पोर्शियाही मत्सराला तेच डोळे देते. यावर इतके लिहिले गेले आहे की मी भर घालीत नाही. देवलांच्या ‘झुंझाररावा’ने मराठी प्रेक्षकाला हा मत्सर केव्हाच ओळखीचा करून दिला आहे, डोळ्यांच्या रंगावाचून. आपल्याकडे मत्सराने माणूस जळतो. इंग्रज मत्सराने हिरवा पडतो. जळणे अधिक खरे वाटते, पण ते आपल्याला वाटणारच.

शेक्स्पिअरच्याही दोनशे वर्षे मागे गेले की हा शब्द भयाण होतो. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले, अनाम कवीचे, एकाच हस्तलिखितात वाचलेले ‘सर गॉवेन आणि हिरवा सरदार’ हे काव्य ज्यांनी वाचले नसेल त्यांनी निदान त्याचा आरंभ तरी वाचावा. नववर्षाच्या मेजवानीत राजा आर्थरच्या दरबारात एक धिप्पाड स्वार घोड्यासकट शिरतो. कपडे हिरवे असते तर कोणी दचकले नसते. पण त्याची कातडी हिरवी, केस हिरवे, दाढी हिरवी, घोडाही हिरवा. एका हातात हॉलीची डहाळी, दुसऱ्यात कुऱ्हाड. तो म्हणतो, माझ्यावर एक घाव घाला आणि वर्षाने माझा एक घाव सोसा. गॉवेन त्याचे डोके उडवतो. तो ते उचलून घेतो, आणि डोके हातात बोलते. हे हिरवे कोणते? अंकुराचे, की कुजण्याचे? झाड छाटले तरी फुटते, म्हणून हा वनस्पतीचा देव, असे काही टीकाकार म्हणतात. यक्षभूमीतल्या लोकांचा रंग हिरवाच असे, असे दुसरे म्हणतात. आणि चॉसरने एका कथेत सैतानाला हिरव्या डगल्यात हिंडवले आहे हेही खरे. मला वाटते, त्या दरबारी लोकांप्रमाणे आपणही हे ठरवू न शकणे हाच त्या रंगाचा उपयोग आहे. पुढे गॉवेन जीव वाचावा म्हणून यजमानणीकडून एक पट्टा लपवून घेतो. तोही हिरवा. जगण्याची लालसा आणि तिची लाज त्या एका पट्ट्यात गुंडाळलेली आहे. ‘हिरवा’ या शब्दावाचून येथे पाऊल टाकता येत नाही.

म्हणजे मी ज्या उत्साहाने निघालो होतो तो निम्म्यावर आला. तेथे विल्यम एम्प्सनने थोडा आधार दिला. १९३५ च्या पुस्तकात त्याने अँड्र्यू मार्व्हेलच्या ‘बाग’ या कवितेची चिकित्सा करताना मार्व्हेलचे हे आवडते विशेषण कोठे कोठे येते ते चक्क मोजून काढले आहे. पंडिती खटाटोप वाटेल, पण त्यातून निघते ते असे की गवत, कळ्या, मुले आणि जे अजून घडलेले नाही ते सारे या एका शब्दाच्या आश्रयाला आलेले असते. आणि म्हणून जेव्हा बागेतल्या सावलीत बसलेला कवी खुद्द विचारालाच ते विशेषण देतो, तेव्हा ते अकस्मात वाटत नाही. विचार कोवळा आहे, ओला आहे, कच्चा आहे, आणि भोवतालच्या पानांचा रंगही त्यावर पडला आहे. चारही अर्थ खरे. भाषांतरकार म्हणून मी एकच निवडू शकतो आणि जे निवडीन त्याने तीन मारले जातात.

शब्द नुसता उचलून आणला तर काय होते त्याचाही एक मासला सांगण्याजोगा आहे. इंग्रजीत ‘ग्रीन’ म्हातारपण म्हणजे ठणठणीत म्हातारपण. हा प्रयोग जुना आहे. व्हर्जिलने वैतरणीवरच्या आपल्या नावाड्याचे, कॅरनचे, वार्धक्य कच्चे आणि हिरवे म्हटले आहे, कारण देवांचे म्हातारपण तसेच असायचे. एखाद्या सत्तरी उलटलेल्या सत्पुरुषाच्या इंग्रजी गौरवलेखात हे शब्द येतात. त्याचे मराठी कराल तर सत्पुरुष हिरवट ठरतील, आणि हिरवट म्हातारा म्हणजे काय हे कोणाही मराठी बाईला विचारावे. गमतीची गोष्ट अशी की स्पॅनिश भाषेतही ‘हिरवा म्हातारा’ म्हणजे नेमके आपलेच हिरवट, आणि ‘हिरवा विनोद’ म्हणजे चावट विनोद. स्पेन आणि महाराष्ट्र यांचे येथे एकमत व्हावे आणि इंग्लंड एकटे पडावे! चावटपणासाठी इंग्रजांनी निळा रंग राखून ठेवला आहे. पण तो निराळा विषय.

नाम म्हणून हा शब्द आणखी एका गोष्टीचे नाव आहे : गावाच्या मधोमधची सामायिक गवताळ जागा. ब्लेकने १७८९ मध्ये मुलांचा खेळ तेथे मांडला. गोल्डस्मिथने १७७० मध्ये उजाड गावाचे गाणे तिच्यावरूनच रचले. सामायिक जमिनींना कुंपणे पडत गेली त्या काळात हा शब्द उच्चारणे म्हणजे हरवलेल्या हक्काचे नाव घेणे होते. आपले ‘गायरान’ हक्काच्या दृष्टीने अगदी जवळचे, पण त्यात रंग नाही आणि मुलांचा खेळ नाही. ‘हिरवळ’ म्हणावे तर हक्क जातो, नगरपालिकेचे उद्यान येते.

आजच्या वापराविषयी फारसे लिहावेसे वाटत नाही. १९६८ मध्ये विल्यम गॉडने शेतीतल्या बदलाला या रंगाचे नाव दिले आणि आपण त्याची ‘हरितक्रांती’ केली. ‘हिरवी क्रांती’ कोणी म्हटले नाही. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीत हा रंगच एका राजकीय पक्षाचे नाव झाला. आता तर कारखानदारही स्वतःला हा रंग फासतात, आणि त्या फासण्यालाही इंग्रजीत शब्द झाला आहे. ‘हिरवा कंदील’ मात्र आपण रेल्वेकडून घेतला आणि तो इतका आपलासा झाला की उसना वाटत नाही. विलायतेत आधी पांढरा दिवा म्हणजे ‘या’, आणि हिरवा म्हणजे ‘जपून’ असा संकेत होता; तो पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बदलत गेला. मंत्री एखाद्या योजनेला हिरवा कंदील दाखवतात तेव्हा मला हा जुना अर्थ आठवतो.

खरी परीक्षा झाली ती डिलन टॉमसच्या ‘फर्न हिल’वर. ही कविता १९४५ साली प्रसिद्ध झाली. वेल्समधल्या आपल्या मावशीच्या शेतावर घालवलेल्या बालपणाची ती कविता आहे. तीत ‘ग्रीन’ हा शब्द सहा-सात वेळा येतो : गवताला, मुलाला, तबेल्याला, विस्तवालासुद्धा. शेवटी काळाने मुलाला धरून ठेवले आहे आणि त्या पकडीत तो एकाच वेळी हिरवाही आहे आणि मरतोही आहे, अशा अर्थाची ओळ येते. तिचे मराठी मी माझ्या नव्या शहाणपणाने केले. मूल कोवळे, विस्तव ओल्या लाकडाचा, तबेला गवताच्या वासाचा. प्रत्येक ठिकाणी अचूक शब्द. मे महिन्यात कोकणात आत्याकडे गेलो असता ते कागद बरोबर होते. आत्या नव्वदीच्या घरात, शाळा चौथीपर्यंत. पण कविता ऐकायला तिला आवडते.

मी आधी तिला जुना खर्डा वाचून दाखवला, त्यात मी सगळीकडे ‘हिरवा’ ठेवले होते. ती मध्येच म्हणाली, “पोर हिरवं कशानं झालं रे? विष चढलं की काय त्याला? कोवळं म्हण.” मी मनातून खूष झालो, आणि दुसरा खर्डा वाचला. कोवळे मूल आले, ओले लाकूड आले, गवताचा वास आला. तिने मान डोलावली. मग ती शेवटाजवळची ओळ आली, जिच्यात मी ‘कोवळेपणीच मरणारा’ असे काहीसे केले होते. ती गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “मेला का तो मुलगा?”

मी म्हटले, “नाही गं आत्या. मोठा झाला. हे त्याचं त्यालाच आठवतंय.”

“मग मरतोय म्हणून कशाला सांगतोस? ते पहिल्यात कळत होतं. पहिल्यात तो त्या गवतासारखाच होता.”

तिने काय पकडले होते हे मला रात्री कंदील मालवल्यावर उमगले. गवत हिरवे, मूल हिरवे, विस्तव हिरवा असे एकाच शब्दाने बांधलेले असले तरच शेवटी मुलाचे मरणे हे गवताचे मरणे होते : दरसालचे, न रडण्याजोगे, आणि तरीही अटळ. मी प्रत्येक जागी नेमका शब्द घातला आणि दोरी कापली. मग उरला तो एक कोवळा मुलगा आणि त्याचा अपमृत्यू. क्लॉडिअसच्या वाक्यात भाषा बोलत होती. तिथे तिच्या जागी आपली भाषा बोलवावी, ‘ओली’ म्हणावे. टॉमसच्या कवितेत भाषा नव्हे, कवी बोलतो आहे, त्याने एक शब्द हातात धरून ठेवला आहे, आणि तो सोडवून घेण्याचा मला अधिकार नाही. भले मग मराठी मूल पहिल्या दोन कडव्यांत विष चढल्यासारखे दिसो. असे मी आज म्हणतो. मार्व्हेलच्या बागेत यातले काय करावे हे मला सांगता येणार नाही, आणि क्लिओपात्राची अक्कल अजून तशीच पडून आहे.

मुंबईस परतल्यावर मी तिसरा खर्डा केला. मूल पुन्हा हिरवे केले. विस्तवही. तबेल्याला मात्र गवताचा वास राहू दिला आहे. तेवढा मोह सुटला नाही. आत्याला तो अजून वाचून दाखवायचा आहे.